चार हजारावरचा खड्डा

सकाळी ८.१५

पेशंट यायच्या आधी पहिली तपासणी माझ्याच कानांची. खोलीचं जाड दार ओढून घ्यायचं, हेडफोन चढवायचा आणि यंत्राच्या एकेका सुराची हजेरी घ्यायची. २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० हर्ट्‌झ. वायर कुठे खरखरत नाही ना, डाव्या बाजूचा आवाज उजवीकडे झिरपत नाही ना, एवढंच बघायचं असतं. रोज तोच कान ऐकत असल्यामुळे यंत्रात थोडा बदल झाला तरी लगेच कळतं.

आमचं यंत्र ८००० ला थांबतं, यावरून बऱ्याच जणांना फसवल्यासारखं वाटतं. माणसाला २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, हे शाळेत पाठ केलेलं असतं. मग अर्ध्याहून जास्त भाग तपासलाच नाही की! मिरजेत याचं उत्तर देणं सोपं आहे, कारण इथे रिक्षावाल्यालाही सप्तक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव हे. मध्य षड्जाची कंपनं दुप्पट झाली की तार षड्ज येतो, आणखी दुप्पट झाली की अतितार. याच हिशेबाने २० चे ४०, ४० चे ८० करत गेलं की २०,००० पर्यंत दहा सप्तकं भरतात. १०,००० ते २०,००० हा सगळा टापू म्हणजे दहातलं शेवटचं एक सप्तक. त्यात कोणी गात नाही, कोणी बोलत नाही. पियानोची सगळ्यात वरची पट्टीसुद्धा ४१८६ हर्ट्‌झला संपते. पन्नाशीच्या आसपास हे वरचं सप्तक बहुतेकांचं निम्मंशिम्मं जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. माझंही गेलेलं आहे. माणसाचं नुकसान होतं ते त्याच्या खाली, आणि दिवसभर माझं काम तिथेच चालतं.

सकाळी ९.००

दोन महिन्यांचं बाळ, आई आणि आजी. सातव्या महिन्यात झालेलं, काही दिवस काचेच्या पेटीत होतं, कावीळही झाली होती. अशा बाळाच्या कानांची चाचणी जन्मल्या दवाखान्यातच व्हायला हवी होती. झाली नाही.

आजीचा मात्र विश्वास पक्का. "कशाला ओ मॅडम एवढं? परवा ताटावर पळी वाजवली तर केवढं दचकलं!"

ताटाची परीक्षा आपल्याकडे घरोघर होते आणि तिच्यात नापास होणारं बाळ विरळाच. ताटाचा आवाज प्रचंड मोठा असतो आणि त्यात खालवरच्या अनेक कंप्रता एकदम असतात. खालच्या पट्टीतलं थोडंफार ऐकू येणारं बाळही त्याने दचकतं. अगदी जवळ वाजवलं तर हवेचा झोत आणि फरशीचा हादराच पुरतो. बाळाला स, श, त, क ऐकू येतात का, हे ताट सांगू शकत नाही. आणि बोलायला शिकायचं तर तेच लागतं.

बाळाला पाजून झोपवायला सांगितलं. झोपलं तसा कानात मऊ टोकाची बारीक नळी बसवली. तिच्यात एक स्पीकर आणि एक मायक्रोफोन असतो. स्पीकर टिकटिक सोडतो आणि निरोगी कान त्याला उत्तर देतो. खरोखरचा आवाज कानातून बाहेर येतो! लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी हे १९७८ साली दाखवून दिलं, तेव्हा सुरुवातीला अनेकांना ते खरं वाटेना. आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी आवाजाबरोबर स्वतः आखडतात आणि लांबतात, त्याची ही परतलेली कुजबुज. बाळाने हाताचं बटण दाबायची गरज नाही, रडलं नाही म्हणजे झालं.

दोन्ही कानांनी उत्तर दिलं नाही. हे मध्यकर्णातल्या पाण्यामुळेही होऊ शकतं, म्हणून आज लगेच काही बोलायचं नसतं. 'बेरा'ची तारीख दिली. ती चाचणी कानापासून मेंदूपर्यंतच्या मज्जातंतूची नोंद घेते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र, असा जगभरचा दंडक आहे. आजी जाताना म्हणाली, "ताटाला मग दचकलं कसं?" पुन्हा सगळं सांगितलं. पुढच्या वेळी परत सांगेन.

सकाळी १०.००

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार. मागच्या आठवड्यात हा रात्रपाळी करून थेट आला होता, म्हणून परत पाठवला होता. गोंगाटातून आलेला कान तात्पुरता बधिर असतो, चौदा-सोळा तास शांततेत काढल्याशिवाय काढलेला आलेख खोटा येतो. आज सुट्टी घेऊन आलाय. म्हणजे आजची मजुरी बुडवून.

"आयकाय सगळं येतंय की मॅडम. फकस्त पोरगी शाळंतलं काय सांगती, त्येवढं कळंना."

आत बसवला. आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी. ऐकू आला की मी दहा डेसिबल खाली जाते, नाही आला की पाच वर. असं वरखाली करत त्याच्या ऐकण्याची किमान पातळी सापडते. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तरुण निरोगी कानांना जेमतेम ऐकू येतो तेवढा आवाज. तेव्हा कानाचा पडदा अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. काही पोरं उणे पाच, उणे दहालाही बटण दाबतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो.

उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने. २५० पासून २००० पर्यंत दोन्ही रेघा पंधरा-वीसच्या घरात, अगदी चांगल्या. ३००० ला घसरण सुरू, ४००० ला थेट पंचावन्न. मग ६००० ला थोडी वर आणि ८००० ला तीस. हा खड्डा पाहिला की माणूस काय काम करतो हे विचारावंच लागत नाही.

मागाचा खडखडाट सगळ्या पट्ट्यांतला असतो. धोटा इकडून तिकडे आपटतो, खाली मोटर घुमत असते. तरी घाव ४००० वरच का? कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी तीन हजारांच्या आसपास घुमते आणि त्या पट्टीतला आवाज दहा-पंधरा डेसिबलने वाढवून आत सोडते. आणि ज्या कंप्रतेचा मारा होतो, त्याच्या अर्धं सप्तक वर इजा होते, असं पुन्हा पुन्हा दिसून आलंय. हिशेब चारच्या आसपास येतो.

आत गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली, उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल अशी नळी आहे. तिच्यातल्या पडद्यावर कंप्रता जागा वाटून बसल्यात. उंच सूर तोंडाशी, खर्ज टोकाला. बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली आवाजाची लाट या पडद्यावरून पळताना पाहिली. त्याबद्दल त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. शेवटच्या खर्जालाही तोंडावरूनच आत जावं लागतं, त्यामुळे वेशीजवळच्या घरांना येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक फौजेचा त्रास व्हावा, तशी तोंडाकडच्या पेशींची अवस्था असते. एका कानात या केसपेशी पंधराएक हजारच. मेल्या की परत येत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झालं. आपल्या नाही.

हे शेवटचं त्याला सांगितलं तर हसला. "म्हंजी कोंबडीचं नशीब आमच्यापरीस बरं."

कानात बोळे घालायचे, या सल्ल्यावर त्याचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मागाचा आवाज बदलला की काहीतरी बिघडलं हे मागवाला कानाने ओळखतो. बोळे घातले तर ते कसं कळणार? यावर माझं उत्तर असं: शाबूत कानाच्या माणसाला फोमचा बोळा घालूनही बदल कळतो, कारण मागाचा गोंगाट आणि त्यातला बदल दोन्ही बरोबरच खाली येतात. कान गेलेल्याला मात्र कळेनासा होतो. म्हणून बोळे कामाच्या पहिल्या दिवसापासून हवेत, खड्डा पडल्यावर नव्हे. आणि कापूस नको, त्याने फारसं काही अडत नाही.

धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० ची, आणि पाळी तर बारा तासांची. गोंगाटाने आलेलं बहिरेपण हा कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेला व्यवसायजन्य आजार आहे, म्हणजे तो कळवणं बंधनकारक आहे. पण कायद्याला लागतात तेवढे कामगारच नसलेल्या किती शेड असतील! अपंगत्वाच्या दाखल्याचीही तीच गत. ५००, १०००, २००० आणि ४००० या चार आकड्यांची सरासरी काढायची. याची येते सव्वीस. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत साठ लागते. थोडक्यात, सरकारच्या लेखी याला काहीच झालेलं नाही.

सकाळी ११.३०

मळ, पाणी, फुटलेला पडदा, यंत्राची संपलेली बॅटरी. एका काकांचं श्रवणयंत्र शिट्टी मारत होतं, साचा सैल झालेला. कानात तेल घालू नका, हे चौघांना सांगितलं.

दुपारी १२.३०

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. स्वतःची तपासणी मोबाइलवर करून आलेला, आणि घाबरलेला. "मॅडम, मला १७,००० पर्यंतच ऐकू येतंय. २०,००० ला काहीच नाही!"

विशीत १७,००० येत असेल तर पेढे वाट, म्हटलं. शिवाय मोबाइलचा स्पीकर तिथे काय वाजवतो याचा भरवसा नाही. हा खेळ काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गॉल्टन यांनी अगदी बारीक शिट्टी बनवून काठीत बसवली होती. ती घेऊन ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हिंडत आणि कुठल्या प्राण्याचे कान टवकारतात ते बघत. माणसांवरही त्यांनी ती वाजवली, तेव्हा वयाबरोबर वरचे सूर जातात हे दिसलं. आपलं ऐकणं चांगलं आहे अशी खात्री असलेले लोक ती शिट्टी ऐकू न आल्यावर रागावत, अशी त्यांची नोंद आहे. राग अजून तसाच आहे.

खरं दुखणं हळूच बाहेर आलं. मिरवणुकीनंतर दोन दिवस कानात गुंई वाजत होतं. हे सांगायला त्याला लाज वाटत होती, १७,००० ची काळजी सांगायला नाही. आलेख चांगला आला. पण ते गुंई म्हणजे पेशींनी दिलेला इशारा, आणि दरवेळी त्या पूर्ववत होतातच असं नाही.

मग गाडी डीजेच्या धडधडीवर आली. खालच्या टोकाला आपला कान फार मठ्ठ आहे. हवेतल्या दाबाने मोजलं तर १००० हर्ट्‌झचा सूर दोन-तीन डेसिबलला ऐकू येतो, ५० हर्ट्‌झचा ऐकू यायला ४४ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्‌झला जवळजवळ ७९. त्याखाली आवाज संपतो असं नाही, तो अंगाला जाणवायला लागतो. ध्वनिमापकही कानाच्या याच मठ्ठपणाची नक्कल करतो. 'ए' पट्टीवर तो ५० हर्ट्‌झच्या आवाजातले तीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले निवासी भागासाठीचे दिवसा ५५ आणि रात्री ४५ हे आकडे याच पट्टीवरचे. श्रवणशक्तीच्या दृष्टीने ही वजाबाकी साधारण योग्य आहे. पण खिडकीची तावदानं थरथरतात, खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या छातीत धडधडतं, तो भाग मीटरवर जवळपास दिसतच नाही. स्पीकरच्या भिंती रचणारे मंडळवाले आणि मीटर धरून उभे असलेले हवालदार, दोघेही आपापल्या परीने खरं बोलत असतात, ते यामुळेच.

दुपारी १.४५

डबा. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीचं माहेर चंदगडकडचं, तिथे शिवारात हत्ती येतात. एवढे मोठे प्राणी, पण एकमेकांना हाका कशा मारत नाहीत, असं ती विचारत होती. मारतात, आपल्याला ऐकू येत नाहीत. केटी पेन या संशोधक १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना त्यांना हवेत नुसती थरथर जाणवली. ध्वनिमुद्रण वेगाने वाजवून पाहिल्यावर हत्तींचं बोलणं सापडलं, बरंचसं वीस हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याखालचं. "म्हणजे बांधावर उभं राहून आपल्याबद्दलच बोलत असतील," ती म्हणाली.

दुपारी ३.००

निवृत्त मास्तर आणि त्यांची सून. सुनेचं म्हणणं, बाबांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. मास्तरांचं म्हणणं, हल्ली कोणी स्पष्ट बोलतच नाही.

दोघांचाही अनुभव खरा आहे. मराठी बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात. व्यंजनं वरच्या पट्टीत आणि दुबळी. 'स'चा बहुतेक जोर ४००० च्या वर असतो. वयाने वरची बाजू उतरली की शब्दाचा सांगाडा ऐकू येतो, पण त्याची टोकं गळून पडतात. तोंड झाकून मी शब्द म्हणत गेले. साठ म्हटलं, त्यांनी 'आठ' सांगितलं. पाठ म्हटलं, 'काठ' सांगितलं. सात म्हटलं, 'हात'. प्रत्येक वेळी 'आ' अचूक. आयुष्यभर पाढे म्हणून घेतलेल्या माणसाला साठ आणि आठमध्ये चूक होताना पाहून सून गप्प झाली.

सोयीचं ऐकू येतं त्याचंही कारण आहे. रोजची वाक्यं अंदाजाने पुरी करता येतात. चहा घेता का, हे अर्धं ऐकलं तरी कळतं. नवीन नाव, औषधाचं प्रमाण, बँकेचा आकडा यांचा अंदाज करता येत नाही. फोनवर तर आणखी पंचाईत. जुन्या टेलिफोनने ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच फट ठेवली होती, जेमतेम साडेतीन सप्तकं. तेवढ्यात संभाषण भागतं, पण 'स' आणि 'फ' तरण्या कानांनाही वेगळे करता येत नाहीत.

सुनेला एकच गोष्ट सांगितली: ओरडू नका. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. समोर येऊन, उजेडात, जरा सावकाश बोला.

सायंकाळी ५.००

सतारमेकर गल्लीतले चाचा. सत्तरीच्या पुढचे. येताना तंबोरा घेऊन आले होते, नव्या श्रवणयंत्राची तक्रार सांगायला. "मॅडम, लोकांचं बोलणं झकास येतंय. पण तंबोरा छेडला की हे यंत्र त्याला गिळून टाकतंय. आणि मधेच आपलाच एक सूर काढतंय."

मिरजेत तंतुवाद्यं बनायला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबाच्या हातून. चाचांच्या घराण्याचा धंदा तोच. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तूनचं, आणि सगळी करामत शेवटी जवारीत. घोडीचा माथा कानसीने असा घासायचा की तार तिच्यावर टेकत-सुटत राहील, मग तिच्याखाली धागा सरकवत सूर उघडायचा. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. पण ऐकणाऱ्याला मोहात पाडतात ते तिच्यावर चढलेले उपस्वर, दुप्पट, तिप्पट, दहापट, थेट काही हजारांपर्यंत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. तार जिथे छेडतो तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू आहे, ते उपस्वर शास्त्राच्या जुन्या नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात, आणि ही घोडीची करणी, असं त्यांनी दाखवलं.

चाचांची रेघ ३००० पासून खाली उतरते. म्हणजे तंबोऱ्याचा पाया त्यांना शाबूत ऐकू येतो, झिलई येत नाही. हल्ली त्यांनी खुली केलेली जवारी नातवाला कर्कश वाटते, कारण झिलई स्वतःला ऐकू येईपर्यंत ते घासत राहतात.

यंत्राचा दोष मात्र वेगळा होता. ही यंत्रं बोलण्यासाठी बनवलेली असतात. बोलणं सतत चढतं-उतरतं. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गाडी, असं गृहीत धरून यंत्र तो दाबतं. शुद्ध, लांबलेला सूर म्हणजे आपलीच शिट्टी, असं समजून त्याच्यावर उलटा सूर सोडतं. तंबोरा म्हणजे हे दोन्ही गुन्हे एकाच वेळी! मी संगणकावर दुसरा प्रोग्रॅम उघडला, गोंगाट दाबणं बंद केलं, शिट्टी रोखणं अगदी मंद केलं, आवाजाची चढउतार कमी करणारी पकड ढिली केली. चाचांनी चार तारा छेडल्या. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पंचम उतरलाय." तोपर्यंत मला तो जुळलेलाच वाटत होता.

बोलण्याला पहिला प्रोग्रॅम, कामाला दुसरा, बटण कुठलं ते दोनदा दाखवलं. जवारीचा शेवटचा हात मात्र नातवाला मारू द्या, असंही सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही.

सायंकाळी ७.१५

अहवाल लिहायचे राहिलेले. बाळाचा 'बेरा'साठीचा कागद, मास्तरांच्या दोन्ही कानांच्या यंत्राची शिफारस, विद्यार्थ्याला सहा महिन्यांनी फेरतपासणी.

मागवाल्याच्या आलेखाच्या दोन प्रती काढल्या, एक त्याला, एक मालकाला देण्यासाठी. मालक ती बघेल की नाही कोण जाणे, पण तारखेसह लेखी असलेली बरी. त्याच्या शेडमधल्या बाकीच्यांनाही सुट्टीच्या दिवशी घेऊन ये, असं सांगितलंय. तुमच्या घरात कोणी मागावर, लेथवर, दगडखाणीत, जनरेटरपाशी किंवा ढोलपथकात असेल, तर त्याला वर्षातून एकदा, गोंगाटातून आल्या आल्या नव्हे तर रात्रभर शांत झोप झाल्यावर, कानाच्या तपासणीला घेऊन जा. जिल्हा रुग्णालयात विचारा. ३०००, ४००० आणि ६००० हे तीन आकडे आलेखावर आहेत ना, ते पाहा. आणि पहिला कागद फेकू नका, दुसऱ्या वर्षी तोच लागतो.